कपाटातला राउटर

टीव्हीला वायरीतूनच जग कळे, तो काळ नुकताच सरत होता. द्वारकाकाकूंच्या टीव्हीची वायर उंदरांनी कुरतडली, म्हणून भाच्यानं त्याला बिनवायरीचा चिमुकला अडॅप्टर आणि कॅमेरा लावून दिला. काकूंची लेक परदेशात होती. फोनमध्ये तिचा चेहरा नखाएवढा दिसे. तो टीव्हीएवढा पाहायची काकूंना आस होती.

पण भाचा गेल्यावर काकूंनी इंटरनेटचा राउटर लोखंडी कपाटात ठेवला आणि तारेपुरती फट सोडून कुलूप लावलं. घरातल्या मोलाच्या वस्तू त्या तिथंच ठेवत.

"काही ऐकू येतंय का रे?" टीव्ही रोज अडॅप्टरला विचारी.

"राउटर हाका मारतोय, पण लोखंडातून शब्द पोचत नाहीत."

आत राउटर कपाटाला विनवी, "दादा, दार किलकिलं तरी कर!"

"गप रे! तुला जपायला ठेवलंय, भटकायला नाही."

एका रविवारी काकूंना लेकीची फारच आठवण आली. तिनं मागं ठेवलेली निळी साडी त्यांनी कपाटातून काढली आणि ती मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसल्या. दार उघडंच राहिलं.

तेवढ्यात टीव्ही वाजू लागला. काकूंनी गडबडीनं बटण दाबलं. पडदाभर लेक हसत होती.

"अगं आई, माझी साडी कवटाळून बसलीस होय!"

काकू उठल्या आणि पडद्यावरच्या गालावरून हात फिरवत राहिल्या.

सताड उघड्या कपाटाला त्या दिवशी पहिल्यांदाच वाटलं, आपण काहीतरी खरंच जपलं.