मंत्री ‘खरे आहे’ म्हणाले तेव्हा

“पण काकाजी, मंत्रीच जर ‘हे खरे आहे’ म्हणून मोकळा झाला, तर त्यापुढं विचारायचं काय?”

आमदार दिवाकरराव लांजेवारांनी चपला काढता काढताच विचारलं. नमस्कार राहूनच गेला.

काकाजी ओसरीवर बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होते. सूप मांडीवर, वाटी बाजूला. त्यांनी मान वर केली नाही.

“बस आधी.”

काकाजी म्हणजे वामनराव ठवकर. एके काळी विधानसभेत विरोधी बाकावर बसून त्यांनी भल्याभल्या मंत्र्यांना घाम फोडला होता. आता नागपूरच्या बाहेर, या खेड्यात राहायचे. हिवाळी अधिवेशन सुरू झालं की तरुण आमदार प्रश्न कसा विचारावा ते शिकायला त्यांच्याकडे यायचे. काही खरंच शिकायचे. बाकीचे फोटो काढून जायचे.

दिवाकरराव शिकणाऱ्यांपैकी. आता आपलं शिकून झालं, असं मात्र त्यांचं स्वतःचं मत होतं.

आणि ते अगदीच खोटं नव्हतं. सभागृहात प्रश्न विचारायची एक ठरलेली घडण आहे. आधी सगळी हकीकत मांडायची आणि शेवटी ‘हे खरे आहे काय?’ असं विचारायचं. मंत्री बहुधा म्हणतात, ‘हे खरे नाही’. फारच अडचण झाली तर ‘अंशतः खरे आहे’. मग आमदारानं उठायचं आणि उपप्रश्न विचारून मंत्र्याची कोंडी करायची. सगळी मजा त्या ‘नाही’मध्ये. दिवाकरराव त्या ‘नाही’वरच मोठे झाले होते. ते उठले की मंत्री आधी पाण्याचा पेला जवळ ओढतात, असं पत्रकार म्हणायचे.

आणि काल मंत्री ‘हो’ म्हणाले होते.

“विचारलं काय होतंस?” काकाजी म्हणाले.

दिवाकररावांना प्रश्न तोंडपाठ होता. ते सभागृहातल्या आवाजातच म्हणाले, “हिरडाटोला गावाजवळ नदीवर पूल नसल्यामुळे, पुराच्या वेळी सगुणा नेवारे या गरोदर महिलेस वेळेत दवाखान्यात नेता आले नाही व तिचा मृत्यू झाला, हे खरे आहे काय? असल्यास, पूल बांधण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली?”

“मग?”

“बांधकाममंत्री उठले. म्हणाले, हे खरे आहे. शासनाला खेद आहे. पूल मंजूर करतो. अन् बसले.”

“अन् तू?”

“मी उभाच... काकाजी, इतके उपप्रश्न काढून ठेवले होते, एक लागू होईना. शेवटी अध्यक्षच म्हणाले, सन्माननीय सदस्य, आता आभार तरी माना.”

काकाजी हसले. शेंगा सोलणं मात्र थांबलं नाही.

“पूल मिळाला. मग तोंड का पाडलंस?”

तेच तर दिवाकररावांना कळत नव्हतं. मतदारसंघात कालच फटाके फुटले होते. चौकाचौकांत त्यांचे हसरे फलक लागले होते. विरोधकांनीसुद्धा फोन करून अभिनंदन केलं होतं. आणि ते मात्र सगळं सोडून इथं आले होते.

“मंत्री एवढ्या सहज हो म्हणत नसतो,” ते म्हणाले. “कुठंतरी चुकलं आहे. काय चुकलं ते सापडत नाही. डोकं नुसतं भणभणतंय. उद्या ते सभागृहात पुलाचं निवेदन करणार आहेत. त्यावर मला एक खुलासा विचारता येईल. एकच. तो नेमका विचारला नाही, तर पावसाळ्यात आणखी कोणाच्या तरी दारात मला बसायला जावं लागेल. सांगा, काय विचारू?”

काकाजींनी फाटकाकडे पाहिलं. तिथं दिवाकररावांची गाडी उभी होती.

“गाडीत कोण आहे?”

“तो मनिराम. सगुणाचा नवरा. उद्या त्याला प्रेक्षक गॅलरीत बसवणार आहे. निवेदन चालू असताना लोकांना दिसला पाहिजे.”

“अन् आज गाडीत बसवलास?”

“म्हटलं, आपलं बोलणं...”

काकाजींनी बसल्या जागेवरून हाक मारली. “ओ भाऊ! या इकडं.”

मनिराम नेवारे आला. मध्यम वयाचा, उन्हापाण्यात रापलेला माणूस. अंगावर कोऱ्या घड्या पडलेला पांढरा सदरा होता. तो दिवाकररावांनीच घेऊन दिला होता, हे सांगायची गरज नव्हती. तो ओसरीच्या कडेला जमिनीवर बसू लागला.

“तिथं नाही,” काकाजी म्हणाले. “खुर्चीवर.”

ओसरीत खुर्ची एकच होती, रिकामी; आमदार काकाजींशेजारी खालीच बसले होते. मनिरामनं आमदारांकडे पाहिलं. आमदारांनी काकाजींकडे. शेवटी मनिराम खुर्चीच्या टोकावर कसाबसा टेकला.

“दिवाकर, आता हे मंत्री. विचार तुझा प्रश्न.”

म्हातारं चळलं की काय, असं दिवाकररावांच्या मनात आलं.

“काकाजी, असं काय करता? ह्यांचं दुःख अजून ताजं आहे.”

“काल भर सभागृहात मांडलंस, तेव्हा शिळं होतं?”

...

दिवाकरराव उभे राहिले. सवयीनं जाकीट खाली ओढलं. पण सभागृहातला तो आवाज काही लागेना.

“हिरडाटोला गावाजवळ नदीवर पूल नसल्यामुळे... पुराच्या वेळी... ह्यांच्या... सगुणा नेवारे या महिलेस वेळेत दवाखान्यात नेता आले नाही व तिचा मृत्यू झाला, हे खरे आहे काय?”

मनिरामनं पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं.

“नाही जी,” तो म्हणाला.

दिवाकररावांना वाटलं, ह्याला प्रश्नच समजला नाही.

“मनिराम, नीट ऐक. मी विचारतोय की...”

“समजलं जी. खरं नाही थे.”

ज्या ‘नाही’ची दिवाकररावांनी काल वाट पाहिली होती, ते असं भलतीकडूनच आलं. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“अरे, तूच तर सांगितलंस मला! तुझ्या अंगणात बसलो होतो मी. सगळं गाव होतं!”

“मी कुठं सांगतलो, साहेब?” मनिरामच्या आवाजात राग नव्हता. तो फक्त झालं तसं सांगत होता. “तुमी आले, बसले. तुमी म्हनले, पूल असता तर बाई वाचली असती, हो की नाही मनिराम? समोर मोबाइल धरले होते लोकायनं. तुमी आमदार. माहं डोकं ठिकानावर नोतं. मी मान हालवली.”

दिवाकररावांना ते अंगण आठवलं. ती हललेली मानही आठवली. त्या मानेवरच त्यांनी अख्खा प्रश्न उभा केला होता.

...

“मग झालं काय होतं?” त्यांनी विचारलं.

काकाजींची बोटं पहिल्यांदाच थांबली. अर्धी सोललेली शेंग तशीच हातात राहिली.

“आमी ढिवर, साहेब,” मनिराम म्हणाला. जणू एवढ्यात सगळं आलं. मग आमदारांचा चेहरा कोराच दिसला म्हणून पुढं बोलला, “नदीवर जलमलो आमी, नाव हाकनं आमचा धंदाच. डोंगा माहा सोताचा हाये. पूर होता, मोठा होता. पन मी तिले पल्याड नेलो. तिच्या आंगावर पान्याचा थेंब पडू देल्लो नाही.”

“पलीकडे पोचलात तुम्ही?”

“पोचलो ना जी. दवाखान्याच्या पायरीपावतर नेलो. दवाखान्याले कुलूप होतं.”

“कुलूप?”

“नर्सबाई नोती. कवा येते, कोनाले माहीत नोतं. आमी पायरीवर बसलो. सगुणा म्हने, येतीन आता, थांबू जरासं...”

तो थांबला.

“मंग थांबलो,” तो म्हणाला.

अंगणात एक कोंबडी माती उकरत होती.

दिवाकररावांना नदीपलीकडच्या मालखेडीचा तो दवाखाना चांगला माहीत होता. त्यांच्या पहिल्या गाजलेल्या प्रश्नातून तो उभा राहिला होता. ‘मालखेडी येथे दवाखान्यास इमारत नाही, हे खरे आहे काय?’ त्या वेळी आरोग्यमंत्र्यांना त्यांनी पळता भुई थोडी केली होती. इमारत झाली. फीत त्यांनीच कापली. दाराशेजारच्या भिंतीत त्यांच्या नावाची कोनशिला बसवलेली आहे. आत कोण बसणार, हे विचारायचं मात्र राहून गेलं होतं. आणि ज्या पायरीवर उभं राहून त्यांनी भाषण केलं होतं, त्याच पायरीवर...

त्यांना ओसरीचा खांब धरावासा वाटला. त्यांनी धरला.

“एक बोलू का जी?” मनिराम म्हणाला. “हे पेपरात आलं, टीव्हीवर आलं. आता आमच्या समाजातले मले म्हनतात, ढिवर असून तुले बायको पल्याड नेता नाही आली? मी कोनाकोनाले सांगू?”

त्याचे डोळे भरून आले होते. कोऱ्या सदऱ्याला डोळे कसे पुसावेत, हे कळेना म्हणून त्यानं ते तसेच ठेवले.

दिवाकरराव काकाजींकडे वळले. सगळा गुंता एकदमच त्यांच्या तोंडातून बाहेर पडू लागला.

“मग मंत्री काल हो का म्हणाले?”

“तू सोपं करून दिलंस. पूल मंजूर केला की कुलपाचं कोणी विचारत नाही.”

“मग उद्या उठून सांगू, की माझाच प्रश्न चुकीचा होता? पूल जाईल ना! मनिराम, पूल तर पाहिजेच ना तुम्हाला?”

“पाहिजे जी. पोरायले शाळेत जायाले लागते.”

“ऐका! पूल पाहिजेच. म्हणजे प्रश्न बरोबर होता. पण खरा नव्हता. अन् मंत्र्यांचं उत्तर खोटं, पण पूल खरा. अन् मी गप्प बसलो, तर हे असंच कायमचं खरं होऊन बसेल. अन् बोललो, तर दवाखान्याचं विचारतील, अन् तो तर मीच... काकाजी, मला काही म्हणजे काही समजेनासं झालंय. उद्या मी उभा राहून करू काय?”

काकाजींनी सूप खाली ठेवलं. गुडघ्यावर हात देऊन उठले.

“मनिरामभाऊ, तुम्ही उठा. दिवाकर, तू बस.”

“कुठं?”

काकाजींनी खुर्चीकडे बोट दाखवलं.

दिवाकरराव बसले. बसताना वाटलं, सभागृहात एक दिवस तरी मंत्र्यांच्या बाकावर बसायचं आपलं स्वप्न आहे. आत्ता मात्र ती खुर्ची त्यांना टोचत होती.

“भाऊ,” काकाजी मनिरामला म्हणाले, “आता तुम्ही विचारा.”

मनिरामनं हात जोडले.

“हात सोडा. इथं हात जोडून विचारत नाहीत.”

मनिरामनं हात सोडले. सोडल्यावर त्यांचं काय करावं, ते त्याला कळेना. त्यानं ते सदऱ्याच्या खिशांत घातले आणि लगेच बाहेर काढले.

“साहेब,” तो म्हणाला. “दवाखाना बंद काहून होता?”

बस. एवढंच. ‘असल्यास’ नाही, ‘नसल्यास’ नाही.

दिवाकररावांनी तोंड उघडलं.

“याबाबत संबंधितांकडून माहिती घेऊन...”

आवाज त्यांचाच होता. पण अशी वाक्यं त्यांनी आजवर समोरच्या बाकांवरूनच ऐकली होती. ऐकून टेबल आपटलं होतं, ‘शेम, शेम’ ओरडले होते. ते एकदम थांबले.

“म्हणजे... ते खातं तसं आरोग्याचं...”

पुन्हा थांबले.

मनिराम उभा होता. त्याला घाई नव्हती. तो उत्तराची वाट बघत होता, इतकंच.

...

दिवाकररावांनी काकाजींकडे पाहिलं. एखादा शब्द, एखादी खूण, काहीतरी सुचवतील म्हणून. काकाजींच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. आमदारांच्या कानशिलावरून घाम ओघळला.

“काकाजी,” ते अगदी हळू म्हणाले, “मला जरा वेळ द्या.”

काकाजींनी त्यांच्यावरची नजर काढली आणि मनिरामकडे वळवली.

“मनिरामभाऊ, ह्याला वेळ पाहिजे म्हणतो. द्याल?”