ओढ्याकाठच्या जमिनीचा कागद

फार जुनी गोष्ट आहे. ज्या राज्यात ती घडली त्याचं नावही आता कुणाच्या ध्यानात नाही. पण तिथल्या एका रंगाऱ्याचं काय झालं, ते लोक अजून सांगतात. लहानांनी ऐकावं, आणि थोरांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावं.

हा रंगारी कापडाला निळा रंग चढवायचा. हात कसबी, पण स्वभाव भारी भिडस्त. कुणी मजुरी द्यायला विसरलं, तर आठवण करून द्यायचीही त्याला लाज वाटे.

निळीचं काम पाण्यावर चालतं. गावातल्या विहिरी खारट, त्यात रंग नीट बसत नसे. गोड्या पाण्याचा झरा एकच होता, ओढ्याकाठी, एका माळ्याच्या जमिनीत. हा माळी रंगाऱ्याचा लहानपणापासूनचा मित्र. त्याला मूलबाळ नव्हतं, आणि वयामुळे कुदळ उचलवत नव्हती. त्यानं झऱ्यासकट तो तुकडा रंगाऱ्याला विकला. रंगाऱ्याच्या बायकोनं हातातल्या पाटल्या मोडल्या आणि मोल चुकतं केलं. देवळाच्या ओट्यावर गावच्या वडीलधाऱ्यांसमोर खरेदीचा कागद झाला.

आता त्या राज्यात असा कायदा होता, की जमिनीचा कागद परगण्याच्या दप्तरात नेऊन नोंदवायचा. देणारा आणि घेणारा, दोघांनी तिथं समोर उभं राहायचं. नोंद झाली की जमीन नव्या धन्याची. तोवर दप्तराच्या लेखी ती जुन्याचीच.

कापणी उरकल्यावर रंगाऱ्यानं हळूच विषय काढला. एकदा परगण्याला जाऊन येऊ म्हणाला. माळ्याचं तोंड उतरलं.

“का रे, माझ्या शब्दाचा भरवसा वाटेना तुला?”

रंगारी ओशाळला. छे छे, तसं काही नाही, म्हणाला आणि घरी आला. कागद त्यानं फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवला. बायकोनं विचारलं, तेव्हा म्हणाला, मित्राचं मन दुखवून मला जमीन नको.

ती म्हणाली, “भरवसा माणसाचा असतो, आणि माणूस काही कायमचा नसतो. ते धडधाकट आहेत तोवर घेऊन जा त्यांना.”

तिचं म्हणणं त्याला पटलं. पण पुन्हा विषय काढायला जीभ रेटेना. आज माळ्याची तब्येत बरी नाही, उद्या घरात पाहुणे आहेत, असं करता करता वर्षं गेली. झऱ्याशेजारी त्यानं दगडी टाकी बांधली, सावलीला करंजाची झाडं लावली. त्याच्या निळ्या लुगड्यांना लांबलांबच्या बाजारातून मागणी येऊ लागली.

मग एका पावसाळ्यात माळी तापानं गेला.

क्रियाकर्म करायला त्याचा पुतण्या दूरच्या शहरातून आला. काकाच्या माघारी तोच वारस. रंगाऱ्यानं भीतभीत त्याला कागद दाखवला. पुतण्यानं काकाची निशाणी पाहिली आणि कागद कपाळाला लावला.

“काकांचा शब्द तो माझा शब्द,” तो म्हणाला. “दिवस-कार्य उरकलं की आपण दोघं जाऊन नोंद करून टाकू.”

रंगाऱ्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. तेराव्याचं जेवणही त्याच्याच घरून गेलं. तेरावा झाल्यावर बायको म्हणाली, आता निघा. तो म्हणाला, सुतकातून उठलेल्या माणसाला लगेच काय सांगायचं, दोन दिवस त्याला शांत बसू दे.

पुतण्या काही शांत बसला नव्हता. परतीच्या वाटेवर परगण्यात थांबून त्यानं तीच जमीन एका सावकाराला विकली. सावकार मुरलेला होता. शाई वाळायच्या आत त्यानं पुतण्याला दप्तरात उभं केलं आणि नोंद करून घेतली.

सावकाराची माणसं कुंपण घालायला आली, तेव्हा रंगाऱ्याला कळलं. कागद छातीशी धरून तो परगण्याला धावला. ओट्यावर साक्षीला बसलेल्यांपैकी जे हयात होते, तेही सोबत गेले. दप्तरदार म्हातारा होता आणि सरळ माणूस होता. त्यानं सगळ्यांचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“तुम्ही खरं बोलता, हे मला दिसतंय,” तो म्हणाला. “पण मला पटलं म्हणून जमीन फिरत नाही. इतकी वर्षं हा कागद इथं का आणला नाही?”

रंगाऱ्यानं मान खाली घातली. मित्राला वाईट वाटेल म्हणून, हे त्या भरल्या कचेरीत त्याच्या तोंडून निघेना. पुतण्यावर दावा लावा, असं दप्तरदारानं सुचवलं. पण पुतण्या कुठल्या शहरात गडप झाला, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

सावकाराला निळीत रस नव्हता. त्यानं टाकी मातीनं बुजवली, करंज तोडले आणि झऱ्याचं पाणी आपल्या उसाला वळवलं. रंगारी पुन्हा गावातल्या खारट विहिरीवर आला. लुगड्यांवर डाग पडू लागले, गिऱ्हाईकं तुटली. बायको दुसऱ्यांच्या घरी दळण दळू लागली.

तिनं त्याला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. तेच त्याला सोसवेना. एका सकाळी ती जात्यावर निघाली असताना तो दारात आडवा आला आणि म्हणाला, “एकदा शिव्या तरी घाल मला.”

“बोलायचं तेव्हा बोलले होते,” ती म्हणाली. “आता बोलून ती जमीन थोडीच परत येणार आहे?” आणि त्याला बाजूला सारून ती कामाला गेली.

रंगारी पुढं पुष्कळ वर्षं जगला. ती जमीन खरी त्याचीच, हे गावात लहानथोर सगळे शेवटपर्यंत मान्य करत राहिले. त्या मान्यतेनं त्याच्या चुलीवर एक भाकरीही भाजली गेली नाही.

तात्पर्य: जो भिडेपोटी आपल्या हक्काची नोंद टाळतो, त्याच्या वाट्याला लोकांची हळहळ येते आणि जमीन दुसऱ्याच्या.