डोमाची राखण

चिखलबोडीच्या तलावाची पाळ कुणी घातली हे लोकांना अजून आठवत होतं, त्या काळातली ही गोष्ट. तलावात एक मरळ मासा होता. डोंग्याएवढा, असं म्हणतात. गाव त्याला बुढा म्हणे. बुढा मधल्या माशांना खाई, मधले बारीक मासोळीला खात आणि बारीक मासोळी पाण्यातल्या किड्यांना, डासांच्या अंड्यांना. कुणाचं काही अडत नव्हतं.

पण गावाला हिशेब सुचला. पाळीवर बसून पाटील म्हणाले, "हा एकटा गावभराचं खाते. हा गेला की ते सगळं आपलं."

यात चूक कुणालाच दिसेना. तलावात मासे धरणाऱ्या डोमा ढिवरालाही दिसली नाही. उलट एवढा मासा मारणारा आपण, या विचाराने त्याची छाती फुगली. त्याने भाला टाकला. बुढा मेला. गाव पोटभर जेवलं आणि डोमाच्या डोक्याला पागोटं बांधलं.

पावसाळा सरल्यावर मधले मासे इतके झाले की जाळी फाटू लागली. पाटील प्रसन्न. पुढच्या वर्षीही मासे तेवढेच होते, पण नुसती डोकी आणि काटे. बारीक मासोळी त्यांनी केव्हाच संपवली होती. डास एवढे माजले की पाटलांना पाळीवर बसवेना. बगळे दुसऱ्या गावी गेले. त्यांना जाता येत होतं. ढिवरांच्या चुली थंड पडल्या.

डोमाने दूरच्या तलावातून मडक्यात मरळाची पिल्लं आणून सोडली. बुढा ज्यांना गिळायचा, त्यांनीच ती डोमाच्या डोळ्यांदेखत गिळली. बोटाएवढ्या राजाला कोण भितो? डोमा पुन्हा मडकं घेऊन गेला, पुन्हा तेच झालं. शेवटी त्याची बायको भागरता म्हणाली, "तुम्हीच मारलं ना त्याले? मंग आता त्याचं काम तुम्हीच करा."

ती चिडून बोलली होती. डोमाने ते खरं धरलं. पुन्हा पिल्लं आणली, कमरेएवढ्या पाण्यात उतरला, त्यांना पायांशी घेतलं आणि जवळ येईल त्या माशाला हाकलत उभा राहिला. भागरता पाण्यात भात नेऊन द्यायची, घरी चला म्हणायची. "जरा मोठे होऊ दे," एवढंच तो म्हणे. त्याच्या पायांवर आधी शेवाळ आलं, मग खवले आले, असं म्हणतात. पिल्लं हाताएवढी झाली, खोल पाण्याकडे वळली आणि त्यांच्यामागून डोमाही निघाला. भागरताने हाक मारली. त्याने वळून पाहिलं, असं म्हणतात. तिने मात्र तसं कधी सांगितलं नाही.

तलाव हळूहळू सावरला. बुढ्याएवढा मरळ मात्र पुन्हा कुणी पाहिला नाही.

अजूनही मरळाची तांबडी पिल्लं वर आली की चिखलबोडीत जाळं पडत नाही. घराघरातला कर्ता पाण्यात जाऊन उभा राहतो. ढिवर कमरेपर्यंत उतरतात, पाटलांच्या घरचे घोट्यापर्यंत. मग पाळीवरून घरची बाई हाक मारते. हाक आली की वळून पाहायचं आणि बाहेर यायचं, एवढाच नेम आहे.