चोराची चक्की

“…मग मी चोर आहे का? तेवढं एकच सांगा, मास्टर.”

म्हातारा गिडियन बूट घालत होता. एक पाय बुटात, एक बाहेर. त्याने मान वर केली नाही.

“सांगा ना. हो की नाही?”

“नाडी सापडत नाहीये,” गिडियन म्हणाला.

रूबेनने वाकून नाडी शोधून दिली. ती त्याने इतक्या जोरात ओढली की तुटायचीच बाकी होती.

इंग्लंडच्या पूर्वेकडचा हा सपाट मुलूख. तिथे गुरूला कोणी गुरू म्हणत नाही, मास्टर म्हणतात. मास्टर उपदेश करत बसत नाही, काम सांगतो. गावाबाहेर टेकाडावर एक लाकडी पवनचक्की होती, एकाच जाड खांबावर तोललेली, घराएवढी. वारा फिरला की पाठीमागचा लांब दांडा खांद्याने रेटायचा आणि अख्ख्या चक्कीचेच तोंड वाऱ्याकडे वळवायचे. गिडियनने जन्मभर हेच केले. गुडघे गेले तेव्हा त्याने चक्कीची किल्ली हाताखालच्या रूबेनला दिली.

रूबेन हुशार होता. प्रामाणिकही होता. वाईट एवढेच, की या दोन्ही गोष्टी त्याला स्वतःला ठाऊक होत्या.

“पहिल्यापासून सांग,” गिडियन म्हणाला.

रूबेनने सांगितले. फार दिवसांनी वारा आला होता. घरोघरचे पीठ संपलेले, त्यामुळे सकाळीच सगळे गाव पोती घेऊन टेकाडावर. त्यात धुणी धुणारी हेस्टर. तिने आपले गव्हाचे पोते पायरीवर ठेवले आणि चारचौघांत म्हणाली, “मागच्या वेळी दिलं तेव्हा पोतं भरलेलं होतं. परत आलं तेव्हा नव्हतं.”

“एवढंच म्हणाली?”

“एवढंच. पण मागून कोणीतरी म्हणालं, चक्कीवाल्याचं डुक्कर कोणाच्या घरचं खातं, ते त्या डुकरालाच ठाऊक.”

“जुनी म्हण आहे ती.”

“मी म्हटलं, माझ्याकडे डुक्करच नाही.”

“मग जास्तच हसले असतील.”

“…हो.”

गिडियनने दुसरा बूट ओढला.

“मग मी तिचं पोतं उचललं आणि खाली फेकलं.”

“फाटलं?”

“फाटलं. चिखलात गेलं. बरं झालं. मग ब्रेक लावला, पाती थांबवली, दाराला कुलूप घातलं. सगळ्यांना म्हटलं, जा घरी, आणि दाणे चावून खा.”

“चक्कीचं तोंड कुठे आहे?”

“वाऱ्याकडेच आहे.”

“मग बरं.”

हे ‘मग बरं’ रूबेनला मिरचीसारखे झोंबले. इथे माणसाची अब्रू जाते आहे आणि म्हाताऱ्याला चक्कीच्या तोंडाची काळजी. असे गुरू सगळ्यांच्याच नशिबी येतात, आणि त्या क्षणी ते सगळ्यांनाच नकोसे होतात.

“मास्टर, रविवारी चर्च सुटलं की तुम्ही दारात उभे राहा. सगळ्यांदेखत सांगा, हा पोरगा माझ्या हाताखाली शिकलाय आणि याने कोणाचा दाणा खाल्लेला नाही. तुमचा शब्द गाव मोडत नाही.”

“मला गावात काय म्हणायचे, माहीत आहे?”

“काय?”

“चोर.”

रूबेन बघतच राहिला. “तुम्हाला?”

“मग काय, बिशप म्हणतील?” गिडियनने काठी शोधली, ती हाताशीच होती. “ही चक्की ज्यानं बांधली, त्याचं माप खोल होतं. दळणाचा मोबदला म्हणून पोत्यामागे एक माप धान्य चक्कीवाल्याचं, हा रिवाज. माप केवढं, हे मात्र रिवाजात नव्हतं. गावानं त्याला तळ्यात बुचकळून काढला. त्याच्या मुलानं माप लहान केलं.”

“मग बरोबर आहे.”

“लहान केलं आणि वर धान्याची शीग लावायला लागला.”

रूबेनने तोंड वाकडे केले.

“त्याच्यानंतर आला तो देवभोळा. लहान माप, तेही सपाट. तरी चोरच म्हणायचे. त्याला जेवण जाईना. शेवटी एक दिवस त्यानं ते मापच चुलीत घातलं. म्हणाला, घेणारच नाही काही. फुकट दळतो.”

“मग?”

“गाव म्हणालं, काही न घेता कोण दळतो? हा तर सगळ्यांत मोठा चोर असणार.”

गिडियन हसला नाही. रूबेनला तर हसण्याची सोयच नव्हती.

“मी तसा नाही,” रूबेन म्हणाला. “मी माप भरतो आणि वरून पट्टी फिरवतो. लोकांच्या डोळ्यांसमोर फिरवतो. एक दाणा वर राहू देत नाही.”

“पाहिलंय मी. फार सुंदर फिरवतोस.”

“तुम्हाला चोर म्हणाले, तेव्हा तुम्ही काय केलंत?”

“दळलं.”

“तेवढंच?”

“वारा असेल तर.”

बस. इतकी वर्षे ज्याचा शब्द झेलला, त्याच्याकडून हे उत्तर. रूबेन ताडकन उठला. खिशातली किल्ली काढून त्याने टेबलावर आपटली. कप हलले.

“मला हे जमणार नाही. रविवारी बोलणार असाल तर बोला, नाहीतर ही तुमची किल्ली. मी शहरात जातो. तिकडे वाफेच्या गिरण्या झाल्यात. कोण दळतो आणि कोणाचं दळतो, कोणाला माहीत नसतं. कोणी कोणाला चोर म्हणत नाही.”

गिडियनने किल्लीकडे पाहिलेसुद्धा नाही.

“चल, वर जाऊ,” तो म्हणाला.

“तुमचे गुडघे…”

“गुडघे माझे आहेत. तू किल्ली घे.”

रूबेनने रागारागाने किल्ली उचलली. रागारागाने का होईना, उचलली.

टेकाड चढायला त्यांना फार वेळ लागला. रूबेन चार पावले पुढे जायचा, थांबायचा, दात खायचा. म्हातारा मागून काठी टेकत येत होता. वारा चांगला होता, अगदी दळणाचा वारा. गवत एका अंगाला झोपले होते. वर चक्कीची पाती फुलीसारखी ताठ थांबली होती आणि ब्रेकमध्ये अडकलेले लाकूड कण्हत होते.

लोक गेले नव्हते. आपापल्या पोत्यांवर बसून होते. दोघांना येताना पाहून त्यांचे बोलणे थांबले.

पायऱ्यांपाशी हेस्टर चिखलात गुडघे टेकून बसली होती. सांडलेला गहू वेचत होती. एकेक दाणा उचलायचा, बोटाने पुसायचा, टोपलीत टाकायचा. रूबेन गेल्यापासून तिचे हेच चालले असावे, कारण टोपलीचा तळ झाकला होता आणि चिखलातला गहू मात्र होता तेवढाच दिसत होता.

कुठल्याही माणसाला हे पाहून लाज वाटली असती. रूबेनला राग आला. ही बाई मुद्दाम करते आहे, गावाला दाखवायला करते आहे, असे त्याला वाटले. आपण केलेले नुकसान कोणी मुकाट्याने निस्तरू लागले, की माणसाचा तिळपापड होतो, तसा त्याचा झाला.

गिडियनने काठी बाजूला टाकली आणि तो खाली बसू लागला. आधी एक गुडघा. मग बराच वेळ काहीच नाही. मग दुसरा.

“राहू द्या, गिडियनबाबा,” हेस्टर म्हणाली.

“तू वेच,” गिडियन म्हणाला, आणि वेचू लागला.

“मास्टर, उठा.”

गिडियनने एक दाणा पुसला.

“मास्टर, गाव बघतंय.”

“बघू दे. डोळे त्यांचे आहेत.”

“ती मला चोर म्हणाली, आणि तुम्ही तिचे दाणे वेचताय?”

“टाकले तू. कोणीतरी वेचायला हवेत.”

“मी तिचा एक दाणा घेतलेला नाही.” रूबेनचा आवाज चिरकला. त्याने गावाकडे तोंड केले, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावे. “एक दाणा नाही. चिमूटभर पीठ नाही. कोणाचंच नाही. वर देव आहे आणि तो बघतोय.”

“चिमूटभरही नाही?” गिडियनने खालून विचारले.

“नाही.”

“हात दे मला.”

रूबेनने हात दिला. म्हातारा कण्हत उठला, सरळ झाला, आणि त्याच पंजाने त्याने रूबेनच्या पाठीत एक सणसणीत धपका घातला. शिकवताना त्याने रूबेनला कधी हात लावला नव्हता.

रूबेनच्या कोटातून पांढरा ढग उठला. खांद्यांतून, कॉलरमधून, बाह्यांतून. चक्कीच्या आडोशाला वारा नव्हता, तेवढा वेळ तो ढग तिथेच तरंगत राहिला. गिडियनची दाढी होती त्याहून पांढरी झाली. हेस्टरला ठसका लागला.

“हे कोणाचं?” गिडियनने विचारले.

रूबेनचा श्वास अडकला होता. “…धूळ आहे.”

“कसली?”

“दळणाची.”

“कोणाच्या दळणाची?”

“पीठ उडतंच,” रूबेन म्हणाला. “प्रत्येक चक्कीत उडतं. भिंतींवर बसतं, तुळयांवर बसतं. ते मी उडवत नाही.”

“नाही उडवत.”

“मग मारलंत कशाला?”

“कोणाचं, ते विचारायला.”

रूबेनच्या डोळ्यांत पाणी आले. ते रागाचेच होते, दुसरे कशाचे नव्हते. त्याने कोट ओरबाडून काढला, एक बटण तुटून उडाले. कोट त्याने हेस्टरच्या पुढ्यात फेकला.

“घ्या. हेही घ्या. सगळं घ्या तुमचं.”

दुसरी कोणी असती तर तिने तो कोट त्याच्या तोंडावर मारला असता. हेस्टरने कोटाकडे पाहिले. मग त्याच्याकडे पाहिले. मग ती उठली, चिखलाचे हात घागऱ्याला पुसले, कमरेचा एप्रन सोडून त्याची आतली कोरडी बाजू वर करून गवतावर पसरला.

जन्म कपड्यांत गेलेली बाई ती. कुठल्या शिवणीत काय अडकते हे तिला विचारायला नको. तिने आधी कॉलर उलटली आणि टिचकीने झाडली. मग खिसे बाहेर काढले. मग बाह्या उलट्या करून बगलेची शिवण अंगठ्याने रेटत रेटत आणली. शेवटी कोट दोन्ही खांद्यांना धरून तीन-चारदा झटकला. घाई नाही, राग नाही. धुण्याचे काम करावे तसे.

एप्रनवर पिठाची छोटी रास झाली.

“एक लहानसा पाव होईल,” ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. घरी गेल्यावर काय करायचे, त्याचा हिशेब होता.

तिने पीठ गाठीत बांधले. कोटाची घडी घातली, शिवणीवर शिवण आणून, आणि तो पायरीवर ठेवला. तुटलेले बटण शोधून वर ठेवले. पुन्हा गुडघे टेकले आणि गहू वेचायला लागली.

कोणी हसले नाही. मागचा तो डुकराचा विनोद करणारासुद्धा नाही. हसले असते तर रूबेनला बरे वाटले असते, कोणाच्या तरी अंगावर जाता आले असते.

तो नुसत्या सदऱ्यावर उभा होता. कान तापले होते. राग अजून तेवढाच होता, पण कोणावर काढावा ते त्याला सापडेना. हेस्टरवर काढावा तर ती गहू वेचत होती. गावावर काढावा तर गाव उपाशी होते. मास्टरवर काढावा, तर म्हातारा काठी उचलायला वाकत होता आणि त्याचा हात काठीपर्यंत पोचत नव्हता.

रूबेनने काठी उचलून दिली.

“कोटात आता काही राहिलंय?” गिडियनने विचारले.

“…नाही.”

“हात दाखव.”

रूबेनने हात पाहिले. नखांच्या कडांना पांढरे होते. ते त्याने सदऱ्याला घासून घासून काढले.

“काही नाही,” तो म्हणाला.

“केसांत?”

रूबेनने केस झटकले.

“झालं,” गिडियन म्हणाला. “गावचं काही तुझ्या अंगावर नाही. एवढा स्वच्छ चक्कीवाला या टेकाडावर आजवर झाला नाही.”

रूबेन वाट पाहत राहिला. आता मास्टर गावाकडे वळतील आणि सांगतील. रविवारी नाही, आत्ताच. सगळे ऐकत होते. हेस्टरचाही हात थांबला होता.

वर पाती करकरली. वारा एकदा जोरात आला आणि चक्कीचे सगळे अंग हलले.

गिडियनने आभाळाकडे पाहिले. मग ओळीने ठेवलेल्या पोत्यांकडे पाहिले. मग रूबेनकडे पाहिले, आणि सकाळपासून पहिल्यांदा म्हाताऱ्याचा चेहरा संतापाने लाल झाला.

“मग उभा काय राहिलास? वारा पडायच्या आत वर जा, दळायला लाग, आणि पुन्हा चोर हो.”