फाटकापाशी थांबलेली मुलगी

“...पण याची खरी किंमत काय, भन्ते?”

रत्नदीप वासनिकने मांडीवरचा एका खेळाचा डबा मऊ फडक्यातून सोडवला. नागपुरात त्याचं चष्म्याचं दुकान होतं. जीव मात्र जुन्या जपानी व्हिडिओ गेममध्ये होता. घरातली एक अख्खी खोली त्यांनी भरली होती.

भन्ते शीलरक्षित उमरेडजवळच्या विहारात राहत. तरुणपणी ते जपानमधल्या एका मठात होते. भाषा तिथेच शिकले.

“किमतीतलं मला काही कळत नाही,” भन्ते म्हणाले. “वाचून देईन.”

डब्यावर शाळेच्या गणवेशातली एक मुलगी होती. मागे वळून पाहत होती. ओठ किंचित उघडे.

“खेळात काय आहे?”

“शाळा आहे, भन्ते. तीन वर्षांची. आपण विद्यार्थी. अभ्यास करायचा, मित्र जोडायचे, परीक्षा द्यायच्या. नीट राहिलो, तर शेवटच्या दिवशी ही मुलगी फाटकापाशी थांबते. मनातलं सांगते.”

“काय सांगते?”

“ते... माहीत नाही.”

भन्तेंनी वर पाहिलं.

“माझ्याकडे याच्या सगळ्या आवृत्त्या आहेत,” रत्नदीप घाईने म्हणाला. “पोस्टर आहेत, कीचेन आहेत. अख्ख्या भारतात एवढं कुणाकडे नसेल. पैज लावून सांगतो.”

“खेळलास कधी?”

“खेळून खराब करायचं का? आणि भाषा कुठे येते...”

तो हसला. भन्ते हसले नाहीत. वाट पाहत राहिले.

“सहावीत होतो,” रत्नदीप हळू आवाजात म्हणाला. “रद्दीवाल्याकडे एका मासिकात हे चित्र दिसलं. वाटलं, ही आता काहीतरी बोलणार. माझ्याशी. मी तोतरा बोलायचो तेव्हा. वर्गात माझ्याशी कुणी बोलत नसे.”

“हं.”

“हसू नका, भन्ते.”

“नाही हसत.”

दुपारची वेळ होती. विहाराच्या सभागृहात कूलर घरघरत होता. रत्नदीपने पिशवीतून यंत्र काढलं, तिथल्या टीव्हीला जोडलं आणि मोठ्या कौतुकाने एक छोटं कार्ड त्यात बसवलं. हे कार्ड डब्याबरोबरच जपानहून आलं होतं. आधीच्या मालकाचा खेळ त्यात जिथल्या तिथे राहिलेला होता.

पडद्यावर शाळेचं फाटक उमटलं. संध्याकाळचा उजेड. फाटकापाशी ती मुलगी.

भन्तेंनी चष्मा लावला.

“शाळेचा शेवटचा दिवस, असं लिहिलंय. कोपऱ्यात मुलाचं नाव आहे. केंजी.”

“म्हणजे खरंच!” रत्नदीपचा आवाज चढला. “कुणीतरी तीन वर्षं खेळला, आणि नेमका इथे थांबला. का थांबला असेल?”

“आईने जेवायला बोलावलं असेल.”

“बंगळूरचा एक संग्राहक आहे. तो म्हणतो, हे असंच, हात न लावलेलं राहिलं, तर याची किंमत करता येणार नाही. बटण दाबलं की ती बोलते, खेळ संपतो आणि कार्डावरचं आपोआप पुसलं जातं. म्हणून कुणी दाबायचं नाही! तुम्ही फक्त लिहून द्या, भन्ते. की हा शेवटचाच दिवस आहे.”

“देतो.”

भन्तेंनी कागद घेतला. दोन ओळी लिहिल्या. मध्येच हात थांबला.

“ही पापणी मिटते.”

“हो. तेवढी हालचाल असते तिला.”

“...केव्हापासून थांबली आहे?”



भन्तेंनी सही केली, कागद त्याच्या हातात दिला. ज्यासाठी आला होता ते मिळालं होतं. आता यंत्र बंद करायचं, गुंडाळायचं आणि निघायचं. त्याने यंत्र बंद करायच्या बटणाकडे हात नेला.

हात तसाच राहिला.

मुलीचे केस वाऱ्यावर हलत होते.

“भन्ते... तिला बोलू द्यायचं बटण दाबू?”

“वस्तू तुझी आहे.”

“किंमत जाईल.”

“जाईल.”

कूलर घरघरत राहिला. रत्नदीपने दोन्ही हातांत रिमोट घेतला. अंगठा बराच वेळ वरच फिरत राहिला.

मग त्याने दाबलं.

मुलगी बोलू लागली. आवाज बारीक, जरा जुन्या रेडिओसारखा. ती बोलली, अडखळली, पुन्हा बोलली. एकदा हसलीही. मग पडदा पांढरा झाला आणि पेटीसारखे काही सूर वाजत राहिले.

भन्ते हलले नाहीत. त्यांच्या चष्म्याआड डोळे भरले होते.

“काय म्हणाली?”

भन्ते पांढऱ्या पडद्याकडेच पाहत राहिले.

“सांगा ना, भन्ते. एवढी वर्षं थांबलो.”

“आधी तिने नाव घेतलं.”

“केंजीचं?”

“केंजीचं.”

“आणि मग?”

“मग मनातलं सांगितलं. पण ते केंजीसाठीच होतं.”

“पण केंजी आहे कुठे इथे?” रत्नदीप ओरडला. त्याचे शब्द लहानपणासारखे अडकू लागले. “इ... इथे मी आहे!”

भन्तेंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. काढला नाही.

रत्नदीपने कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. त्यावरचं आता काहीच खरं नव्हतं.

“किंमतही गेली,” तो पुटपुटला. “आणि कळलंही नाही.”



पडदा पुन्हा उजळला. खेळ आपला आपण पहिल्या पानावर आला होता. रिकाम्या चौकटींची एक ओळ. पहिली चौकट लुकलुकत होती.

रत्नदीपने नाक पुसलं.

“हे काय विचारतंय?”

“नाव विचारतंय.”

“मला पुढचं वाचता येणार नाही.”

“मी वाचेन. रविवारी येत जा.”

“तीन वर्षं आहेत, भन्ते!”

“शाळा आहे.”

रत्नदीपला हसू आलं, आणि लगेच गेलं. रिमोट मांडीवरून उचलून त्याने घट्ट धरला. चौकट लुकलुकत होती.

“आणि सगळं करून... शेवटच्या दिवशी ती आलीच नाही तर?”

भन्ते सतरंजीवर सरकून पडद्याच्या जवळ बसले. चष्मा काढला, चिवराच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला.

“आधी नाव टाक.”