पातेलेमामंजींची कल्हई

भांडी बोलायची आणि माणसं ऐकून घ्यायची, त्या काळातली गोष्ट. एका घरात पितळेचं पातेलं होतं आणि पळी त्याची सून. पातेल्याची आतली कल्हई पार उडाली होती. अशा पितळेत आंबट कळकतं, हे घरच्या मांजरालाही ठाऊक. परवा कढी खाऊन पोरं ओकली, तरी पातेलं ऐकेना.

"मामंजी, कल्हई करून घ्या," पळी म्हणाली.

"ताकच खराब होतं. माझ्या वडिलांनी उभ्या जन्मात कल्हई केली नाही."

"म्हणून तर मोडीत गेले."

"मोडीत नाही. देवळातली घंटा झाले."

"झाले ना. आता येणारा-जाणारा टोले देतो."

पळीनं विनवलं, रडून पाहिलं, अबोला धरला. पण दर सहा महिन्यांनी कल्हईवाल्याच्या भट्टीवर रिकाम्या पोटी भाजून घ्यायचं कुणी, म्हणून पातेलं हटून राहिलं. शेवटी पळीनं पदर खोचला.

"तुमचं अंग, तुमची मर्जी. पोरांची पोटं मात्र मी सांभाळणार. आजपासून तुमच्यात नुसतं आंघोळीचं पाणी."

आणि ती कढी ढवळायला मडक्यात गेली.

चार दिवस पातेलं फोडणीचा वास घेत पाणी तापवत बसलं. पाचव्या दिवशी गल्लीत कल्हईवाल्याची हाक आली.

"मला काही झालेलं नाही," पातेलं म्हणालं. "त्या मडक्याला कढी जमत नाही, म्हणून जातो."

चकचकीत होऊन परत आलं आणि म्हणालं, "झालं एकदाचं. आता पुन्हा नाही."

"बरं, मामंजी," म्हणत पळी त्याच्यात कढी ढवळू लागली. मडकं मात्र तिनं चुलीजवळून हलवलं नाही.