एल्सीचे गाल

"पण चेहऱ्यावर भूक टिकवायची कशी, बाबा?"

कृष्णनाथाने हे विचारलं तेव्हा धोंडबा चितारी मठाच्या ओसरीवर ऊन खात बसले होते. उभं आयुष्य देवळांच्या भिंतींवर देव रंगवून म्हातारपणी ते भुलेश्वरच्या या मठात येऊन राहिले होते. कृष्णनाथ रेषा ओढायला शिकला तो त्यांच्याच हाताखाली. मग तो सरकारी चित्रशाळेत गेला, आणि आता गुरूसमोर बूट न काढता उभा राहण्याइतका मोठा झाला होता.

"कुणाची भूक?"

"एल्सीची. लंडनमधली अनाथ पोर. कादंबरीतली. इथलं एक इंग्रजी मासिक ती दर महिन्याला थोडी थोडी छापतं. चित्रं माझी असतात."

त्याने छापील पानं पुढे केली. बर्फात उभी असलेली एल्सी. खाणावळीच्या काचेला नाक लावलेली एल्सी.

बाबांनी पानं बराच वेळ पाहिली. चित्रं चांगली होती, हे कबूल केलंच पाहिजे.

"मडमा रडल्या, बाबा. वर्गणी काढून लंडनच्या अनाथाश्रमाला पाठवली."

"समोर कुणाला बसवलं होतंस?"

कृष्णनाथाने अंगणाकडे बोट केलं. तिथे एक मुलगी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. ठकी तिचं नाव. त्या वर्षीच्या दुष्काळात नगरकडून मुंबईला आलेली. बरोबरची माणसं वाटेतच गेली होती.

"रंग गोरा केला, डोक्यावर टोपी घातली. बाकी सगळं तिचंच. रोज दूधभात देत होतो, तिथेच चुकलो. तिसऱ्या अंकापर्यंत गाल भरले. संपादकसाहेब म्हणाले, ही आपली एल्सी नव्हे."

"मग?"

"दूध बंद केलं. भातही निम्मा केला."

हे सांगताना तो लाजला नाही. कलेपायी आपण किती कठोर होऊ शकतो, याचं त्याला कौतुकच वाटत होतं.



"थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे, बाबा. पुस्तक संपलं की पोटभर घालीन."

"पुस्तक संपतं कसं?"

कृष्णनाथ पानं गोळा करू लागला.

"एल्सी मरते."



मग बाबा उठले. आत जाऊन आपल्या वाटणीची भाकरी घेऊन आले. ठकीला जवळ बोलावून त्यांनी ती तिच्या हातावर ठेवली.

तिने भाकरी घट्ट धरली, पण खाल्ली नाही. कृष्णनाथाकडे पाहिलं आणि दोन्ही गाल आत ओढून घेतले. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"खात का नाहीस गं?"

"चितर व्हायचंय अजून," ती म्हणाली. "गाल वर आलं तर ह्ये सायेब दुसरी पोर आनत्याल."

कृष्णनाथाने मान खाली घातली. तेवढीच लाज त्याच्यात उरली होती, आणि तीही फार वेळ टिकली नाही.

"एकच चित्र राहिलंय, बाबा..."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी ठकीच्या ओठांशी धरला.

"खा, पोरी. बिघडव त्याचं चित्र."